निळ्या खुणेचे वाचन

काही महिन्यांपूर्वी इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मला एक छायाचित्र पाठवले. दुकानाच्या शीतपेटीतले गोठवलेल्या मासळीचे पाकीट, आणि त्याच्या कोपऱ्यात निळ्या रंगाची लंबवर्तुळाकार खूण. त्या निळाईत 'बरोबर'च्या चिन्हातून साकारलेली माशाची आकृती. खाली तिने लिहिले होते : "सर, तुम्ही आम्हांला संहिता वाचायला शिकवलंत. ही कशी वाचायची?"

प्रश्न अर्धा थट्टेचा होता. पण तो मनातून जाईना. ही खूण एक विधान करते : हा मासा अशा रीतीने पकडला आहे की समुद्रात त्याची वंशवेल टिकून राहील. विधान लहान आहे, आणि ते वाचणाऱ्याला त्याची सत्यासत्यता तपासण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नाही. मासा हजारो मैलांवरून आलेला, जहाज अज्ञात, समुद्र न पाहिलेला. तरीही आपण विश्वास ठेवावा अशी तिची अपेक्षा आहे. कुठल्याही संहितेचे वाचन करताना ती कोणत्या वादाला उत्तर म्हणून लिहिली गेली हे आपण पाहतो. या खुणेमागे जवळजवळ चारशे वर्षांचा एक वाद उभा आहे. त्याचा इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न.

वादाची सुरुवात, काहीशी अनपेक्षितपणे, आपल्या बाजूच्या समुद्रातून होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरावर हक्क सांगितला. त्यांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना जवळ नसेल, तर जहाज जप्त होत असे. गोवे हे या व्यवस्थेचे मुख्य ठाणे. १६०३ साली डच दर्यावर्दी हेम्सकर्क याने सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या लुटीचे समर्थन करण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण कायदेपंडिताकडे आले. त्याच्या प्रदीर्घ युक्तिवादातील एक प्रकरण १६०९ साली 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, हा त्याचा सिद्धान्त. या सिद्धान्ताला एक आधार असा दिलेला होता की, नदीतले मासे किंवा रानातली जनावरे पुष्कळ लोकांनी मारली तर संपतील, पण समुद्राच्या बाबतीत तसे घडणे शक्य नाही. एकाने घेतल्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही, म्हणून मालकीची गरजच नाही.

इथे थोडे थांबायला हवे. पुढच्या साडेतीन शतकांच्या सागरी कायद्याच्या पायाशी असलेले हे वाक्य निरीक्षणातून आलेले नव्हते. एका खटल्यातल्या बाजूच्या सोयीसाठी ते मांडले गेले होते. आणि त्याच काळात त्याला प्रत्यक्ष अनुभवाचे उत्तरही मिळाले. विल्यम वेलवुड या स्कॉटिश कायदेपंडिताने १६१३ साली लिहिले की, डच मासेमारी नौका स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याशी रोज येऊन भिडू लागल्यापासून पूर्वी किनाऱ्याजवळ मिळणारे मासे पांगले आहेत. म्हणजे समुद्र संपू शकतो ही तक्रार, तो संपत नाही या सिद्धान्ताइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की, सिद्धान्ताला साम्राज्यांचे पाठबळ मिळाले आणि तक्रारीला मिळाले नाही. वेलवुडचे नाव आज अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात हाच सिद्धान्त विज्ञानाच्या वेषात पुन्हा अवतरला. इंग्लंडमध्ये समुद्राच्या तळावरून जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध गळाने मासे धरणारे आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणारे मच्छीमार तक्रार करू लागले, तेव्हा १८६३ साली एक राजकीय आयोग नेमण्यात आला. डार्विनचा खंदा समर्थक टॉमस हेन्री हक्सली त्याचा सदस्य होता. आयोगाने १८६६ मध्ये अहवाल दिला आणि मासेमारीवरील निर्बंध उठवण्याची शिफारस केली; १८६८ च्या कायद्याने असे अनेक जुने निर्बंध रद्द झाले. पुढे १८८३ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवसाय प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात हक्सलीने जाहीरपणे सांगितले की, कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या समुद्री मासळीचे साठे बहुधा अक्षय आहेत.

हक्सलीला आज मूर्ख ठरवणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळावे. त्याने आपल्या विधानाला 'सध्याच्या मासेमारीच्या पद्धतींच्या संदर्भात' अशी मर्यादा घातली होती. खाडीतील कालवे किंवा नदीतील सामन मासा संपू शकतो, हे त्याला मान्यच होते. शिवाय त्याच प्रदर्शनात रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्याशी मतभेद नोंदवला. पण इतिहासात विधाने उद्धृत होतात, त्यांच्या मर्यादा गळून पडतात. त्या दशकातच वाफेवर चालणारे ट्रॉलर समुद्रात उतरू लागले होते आणि 'सध्याच्या पद्धती' हा शब्दप्रयोग पाहता पाहता कालबाह्य होत होता.

त्याचे मोल न्यूफाउंडलंडने चुकवले. १४९७ साली जॉन कॅबट या उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन परतला, तेव्हा मिलानच्या लंडनमधील दूताने आपल्या ड्यूकला कळवले की, तिथे मासे इतके आहेत की ते टोपलीने काढता येतात. पुढची सुमारे साडेचारशे वर्षे युरोपातल्या नौका तिथून कॉड नेत राहिल्या आणि कॉड संपला नाही. मग १९५४ साली 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज आले. जाळ्यात आलेला मासा तिथल्या तिथे कापून, गोठवून साठवणारा तो तरंगता कारखाना होता. त्याच्यामागोमाग इतर देशांचे ताफे आले. १९६८ साली तिथल्या 'उत्तरी कॉड'ची पकड सुमारे ८ लाख १० हजार टनांवर पोचली. तिथून ती कोसळली.

१९७७ मध्ये कॅनडाने आपली हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि परकीय ताफे दूर केले. आता सारे सुरळीत होईल अशी समजूत झाली. प्रत्यक्षात परकीय ट्रॉलरांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली. १९८० च्या दशकात लहान होड्यांवरचे किनारी मच्छीमार सांगत होते की, मासा लहान होतो आहे, कमी होतो आहे. सरकारी आकडे मात्र आशादायक होते. याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरांच्या पकडीलाही मोठे वजन दिले जात होते. कमी होत चाललेला कॉड मोजक्या ठिकाणी गोळा होत होता आणि सुधारलेली यंत्रे त्याला नेमके तिथेच गाठत होती. म्हणून जाळी भरलेली येत राहिली. भरलेले जाळे भरलेल्या समुद्राचा पुरावा मानले गेले. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे तीस हजार माणसे एका घोषणेने बेकार झाली. बंदी दोन वर्षांसाठी होती. व्यापारी मासेमारी पुन्हा रीतसर सुरू करण्याचा निर्णय २०२४ च्या जूनमध्ये झाला, तोही केवळ १८ हजार टनांच्या मर्यादेत. मधल्या बत्तीस वर्षांत एक पिढी मोठी झाली आणि गाव सोडून गेली.

निळ्या खुणेचा जन्म या बंदीच्या सावलीतला आहे. तिच्याआधी दोन घटना घडून गेल्या होत्या, त्यांचा उल्लेख करायला हवा. पहिली काहीशी विस्मृतीत गेलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, अमेरिकी सरकारने 'समुद्रातील अन्न' या मालिकेतील पुस्तिका काढल्या. लोकांनी नेहमीच्याच दोन-चार माशांचा आग्रह न धरता अपरिचित मासेही खावेत, म्हणजे युद्धकाळातील टंचाईत अन्न पुरेल आणि मोजक्या जातींवरचा भारही हलका होईल, असा त्यांचा रोख होता. त्या लिहिणाऱ्या सरकारी नोकरीतील बाई म्हणजे रेचेल कार्सन. 'सायलेंट स्प्रिंग'मुळे आपण त्यांना ओळखतो. पण ताटातल्या निवडीचा समुद्राशी संबंध असतो हे त्यांनी त्याच्या किती तरी आधी सामान्य गृहिणींना सांगितले होते.

दुसरी घटना डॉल्फिनची. पूर्व उष्णकटिबंधीय प्रशांत महासागरात पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. डॉल्फिन दिसले की त्यांच्याभोवती जाळे फिरवायचे आणि खालचा ट्यूना उचलायचा, या पद्धतीत लाखो डॉल्फिन मेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका जहाजावर गुपचूप केलेले चित्रण अमेरिकी घरांतून दूरदर्शनवर दिसले आणि लोक हादरले. १९९० साली मोठ्या डबाबंद ट्यूना कंपन्यांनी असा मासा न घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी 'डॉल्फिन-सुरक्षित' या शब्दांच्या वापराचे नियम कायद्याने ठरले. डॉल्फिनांचे मृत्यू खरोखरच मोठ्या प्रमाणात घटले. पण अनेक नौका तरंगत्या ओंडक्यांभोवती व कृत्रिम तराफ्यांभोवती जाळी टाकू लागल्या आणि त्यांत शार्क, कासवे, लहान वयाचे ट्यूना अधिक सापडू लागले. डब्यावरचे वाक्य खोटे नव्हते. ते फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर होते, आणि वाचणारा ते सगळ्या प्रश्नांचे उत्तर समजत होता. मेक्सिकोने या खुणेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत चालवलेला दावा २००८ पासून दहा वर्षे चालला आणि शेवटी अमेरिकेच्या बाजूने निकाल लागला. एका डब्यावरच्या दोन शब्दांसाठी दोन देश दशकभर भांडतात, हे शब्दांवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९९६ साली वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर ही निसर्गसंवर्धन संस्था आणि गोठवलेल्या मासळीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक असलेली युनिलिव्हर कंपनी यांनी एकत्र येण्याचे ठरवले. एकीला मासे वाचवायचे होते, दुसरीला मासे विकत राहायचे होते. कॉड संपल्यावर दोघींचेही काही खरे नव्हते. लाकडासाठी १९९३ साली स्थापन झालेल्या वनप्रमाणन परिषदेचा नमुना समोर होता. १९९७ मध्ये लंडनला मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलची स्थापना झाली आणि १९९९ मध्ये ती दोन्ही जनकांपासून स्वतंत्र झाली. सारी मासळी शाश्वत स्रोतांतून २००५ पर्यंत घेण्याचा युनिलिव्हरचा संकल्प पुरा झाला नाही, आणि २००६ मध्ये कंपनीने युरोपातला गोठवलेल्या अन्नाचा बहुतांश व्यवसायच विकून टाकला. पण खूण टिकली.

तिची रीत थोडक्यात अशी. प्रमाणपत्र कंपनीला नव्हे, तर विशिष्ट समुद्रातल्या विशिष्ट जातीच्या विशिष्ट मासेमारीला मिळते. तीन तत्त्वांवर परीक्षा होते : माशांचा साठा पुरेसा आहे का, मासेमारीमुळे इतर जीवांचे व समुद्रतळाचे काय होते, आणि हे सारे सांभाळणारी व्यवस्था कार्यक्षम आहे का. प्रत्येक कसोटीवर किमान साठ गुण आणि प्रत्येक तत्त्वात सरासरी ऐंशी. परीक्षा कौन्सिल स्वतः घेत नाही. स्वतंत्र प्रमाणन संस्था घेतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचे, दर वर्षी तपासणी, निकालावर आक्षेप घेण्याची सोय. शिवाय होडीपासून दुकानापर्यंत प्रत्येक हातबदलाची नोंद, म्हणजे वाटेत दुसरा मासा मिसळला जाऊ नये.

मार्च २००० मध्ये पहिली प्रमाणपत्रे देण्यात आली : पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडीच्या मासेमारीला आणि टेम्सच्या मुखाजवळच्या ब्लॅकवॉटर हेरिंगच्या एका चिमुकल्या मासेमारीला. त्याच वर्षी अलास्काच्या सामनलाही ते मिळाले. इथे इतिहासाचा विद्यार्थी थबकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवंड धरणाऱ्या नौकांच्या संख्येवर १९६३ सालापासून मर्यादा होती. अलास्काच्या राज्यघटनेतच मासे आणि जंगले टिकाऊ उत्पन्नाच्या तत्त्वावर सांभाळण्याची तरतूद आहे आणि ती घटना १९५९ पासून अमलात आहे. म्हणजे खुणेने हे मासे वाचवले नाहीत. आधीच वाचवलेल्या माशांबद्दल तिने साक्ष दिली. खूण ही कृती नसून साक्ष आहे, हा मला या साऱ्या इतिहासातला कळीचा मुद्दा वाटतो. आणि साक्षीबद्दल जे प्रश्न न्यायालयात विचारले जातात, तेच इथेही विचारले पाहिजेत. साक्षीदार कोण? त्याचा खर्च कोण करतो? आणि साक्ष द्यायला कोणाला बोलावलेच जात नाही?

पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात एका माशाची गोष्ट सांगतो. दक्षिण गोलार्धातल्या थंड समुद्रात खोलवर राहणारा पॅटागोनियन टूथफिश. 'दातमाशा'ला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९७७ साली एका अमेरिकी आयातदाराने त्याचे नाव ठेवले 'चिलीयन सी बास'. तो बास नाही, आणि सगळा चिलीचाही नाही. पण नाव चालले आणि मासा इतका खपला की १९९० च्या दशकात त्याची बेकायदा मासेमारी बोकाळली. अमेरिकेतल्या नामवंत आचाऱ्यांनी २००२ च्या सुमारास तो आपल्या यादीतून काढून टाकला. आणि २००४ साली साउथ जॉर्जिया बेटाभोवतीच्या याच माशाच्या मासेमारीला निळी खूण मिळाली. एकच मासा एकाच वेळी बहिष्कृत आणि प्रमाणित! यात विसंगती नाही, कारण एका बेटाभोवती नियम पाळले जात होते आणि इतरत्र नव्हते. पण एका खोट्या नावाने केलेले नुकसान दुसऱ्या, खऱ्या खुणेने भरून काढावे लागले, एवढे खरे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. परीक्षेचे शुल्क ती मासेमारी चालवणारेच भरतात, आणि परिषदेच्या उत्पन्नाचा मोठा भाग खूण वापरण्याच्या परवान्यांतून येतो. खूण जितकी जास्त पाकिटांवर, तितके उत्पन्न जास्त. २०१० साली जेनिफर जॅकेट, डॅनियल पॉली आणि इतर काही शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात या व्यवस्थेवर कठोर टीका केली. मोठ्या औद्योगिक मासेमारीला ती झुकते माप देते, हा त्यांचा एक आक्षेप होता. हा आक्षेप गंभीर आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उत्तर समुद्रातल्या स्कॉटिश कॉडला २०१७ च्या जुलैत खूण मिळाली तेव्हा कॉडच्या पुनरागमनाचा गाजावाजा झाला. शास्त्रज्ञांचे नवे अंदाज वाईट निघाले आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र निलंबित झाले. त्याच वर्षी, किनाऱ्यावरच्या देशांची पकडीच्या वाटणीवरून एकवाक्यता न झाल्याने आणि साठ्याचा अंदाज घसरल्याने, ईशान्य अटलांटिकमधल्या बांगड्याच्या जातभाईचीही प्रमाणपत्रे निलंबित झाली. दिलेला शब्द मागे घेता येणारी साक्ष ही कधीच मागे न घेतल्या जाणाऱ्या साक्षीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. न्यूफाउंडलंडच्या आकड्यांना वेळेवर मागे घेणारे कोणी नव्हते.

तिसरा प्रश्न आपल्याला सर्वांत जवळचा. जगातल्या सागरी पकडीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी हिस्सा आज प्रमाणित आहे, आणि त्यातला फार मोठा भाग श्रीमंत देशांच्या थंड समुद्रांतला. थंड समुद्रात एका जाळ्यात प्रामुख्याने एका जातीचा मासा येतो. त्याची गणती होऊ शकते. आपल्याकडच्या एका डोल जाळ्यात बोंबील, कोळंबी, जवळा, मांदेली आणि आणखी किती तरी एकत्र येतात. कोणत्या साठ्याला गुण द्यायचे? शिवाय परीक्षेचा खर्च, वर्षानुवर्षांच्या नोंदी, शास्त्रीय अहवाल हे सारे हजारो लहान होड्यांनी मिळून कसे उभे करायचे? नोंद नसणे म्हणजे शिस्त नसणे नव्हे. पण परीक्षेत दोहोंना सारखेच गुण मिळतात.

तरीही एक उदाहरण भारतात घडले. केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांच्या जातीतली शिंपली काढली जातात. हा व्यवसाय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि तो वाढला मुख्यतः आग्नेय आशियाच्या मागणीमुळे. १९९१ मध्ये पकड दहा हजार टनांवर गेली आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आली. मग डिसेंबर ते फेब्रुवारी ही प्रजननाच्या काळातील बंदी, जाळ्याच्या आसाचे किमान माप आणि निर्यातीसाठी शिंपल्याचा किमान आकार असे नियम आले आणि पकड सावरली. नोव्हेंबर २०१४ मध्ये या खाडीला निळी खूण मिळाली. भारतातली ती पहिलीच. इथेही क्रम तोच : नियम आधी, साक्ष वीस वर्षांनी. पाण्यात उतरून हाताने शिंपली वेचणाऱ्या माणसांनी नियम पाळले होते. खूण मात्र वाचली जाणार होती ती दूरदेशीच्या बाजारपेठांत.

खुणेचा मार्ग नाकारला तर दुसरा मार्ग उरतो तो बंदीचा, आणि त्याचाही अनुभव भारताला आहे. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे गुदमरून मरतात म्हणून, जाळ्यात कासव-सुटकेची चौकट नसेल तर अमेरिका अशी कोळंबी आयात करू देत नाही. याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८ च्या निकालाने अमेरिकेच्या अंमलबजावणीतला भेदभाव चुकीचा ठरवला. पण कासवे वाचवण्याचा हेतू मात्र वैध मानला. पुढे २०१९ साली भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेने पुन्हा निर्बंध घातलेच. बंदी राजधानीत ठरते, तिचा फटका बंदरावर बसतो. खुणेत निदान भाग घ्यायचा की नाही हे मच्छीमार ठरवू शकतो, एवढा फरक मान्य करायला हवा.

आता थोडे आपल्या किनाऱ्याविषयी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावर होड्या पाण्यात लोटायच्या, ही कोळी समाजाची रीत खवळलेल्या समुद्राच्या भीतीतून आली असेल; पण पावसाळ्यात किती तरी मासे अंडी घालतात, हेही खरे. सरकारी बंदीचा काळ आता १ जून ते ३१ जुलै असा आहे. या रीतीला प्राचीन पर्यावरणज्ञान म्हणून डोक्यावर घेण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्याच किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आणि प्रकाशझोतातील मासेमारी यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यात वर्षानुवर्षे संघर्ष चालू आहे. प्रकाशझोतातील मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आणले. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच सुमारास विक्रीयोग्य माशांचे किमान आकारही राज्याने ठरवून दिले. मान देण्याची वेळ आली, यातच त्याची अवस्था काय झाली आहे ते कळते.

आणि आपण, खाणारे? मासळीबाजारात आपण कल्ले उघडून पाहतो, डोळा पाहतो, बोटाने दाबून पाहतो. हेही वाचनच, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पण त्यातून मासा ताजा आहे की शिळा एवढेच कळते. तो अंडी घालण्याच्या वयाला पोचला होता का, हे कळत नाही. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आनंदाने घेणारे घर माझेही होते. आमच्या नेहमीच्या कोळीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, "पोरं खाऊन संपवली, तर आईबाप कुठनं येतील?" मी हसलो होतो आणि वाटा घेऊन आलो होतो. वेलवुड वाचल्यानंतर ते वाक्य मला पुन्हा आठवले. तक्रार करणारा आवाज प्रत्येक वेळी पाण्याजवळचा होता, आणि प्रत्येक वेळी तो ऐकणारे पाण्यापासून दूर होते.

खाद्य व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९७४ साली जगातले दहा टक्के मत्स्यसाठे मर्यादेबाहेर उपसले जात होते; २०२१ मध्ये हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर गेले. निळी खूण या आकड्याला एकटी थोपवू शकलेली नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणे म्हणजे साक्षीदारावर न्यायाधीशाचे काम लादणे होय. तिचे ऐतिहासिक महत्त्व निराळे आहे. 'समुद्र अक्षय आहे' हे गृहीत धरून चालणाऱ्या बाजारात, 'हा मासा टिकणार आहे हे सिद्ध करा' असे म्हणण्याची जागा तिने निर्माण केली. सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावरून विकणाऱ्यावर, थोडासा का होईना, सरकला. ग्रोशियसपासून क्रॉस्बीपर्यंत तो वेलवुडच्या आणि किनारी मच्छीमारांच्याच माथी होता.

त्या विद्यार्थिनीला मी अखेर उत्तर लिहिले ते असे : ही खूण साक्षीसारखी वाच. ती काय सांगते ते पाहा. ती कशाबद्दल गप्प आहे तेही पाहा. आणि जे मासे तिच्याशिवाय विकले जातात, त्यांच्यामागे माणसे कोण आहेत, हे विचारायला विसरू नकोस. तिचे उत्तर दोन दिवसांनी आले. पाकीट तिने विकत घेतले होते, आणि त्यावर पकडीच्या समुद्राचे नाव छापलेले आढळले म्हणून नकाशा काढून बसली होती. वाचनाची सुरुवात बरी झाली आहे, असे मला वाटले.